रांझीचा पोरगा आणि तंबूतली कंपनी

७ मार्च १८७० रोजी जबलपुरात मोठा समारंभ झाला. मुंबईहून आलेली जी. आय. पी. रेल्वे आणि अलाहाबादेहून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांची गाठ तिथे पडली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होते, राणी व्हिक्टोरियाचा एक राजपुत्रही होता. मुंबईत डब्यात बसलेला माणूस आता थेट कलकत्त्याला उतरू शकत होता. त्या दिवशी गौरव झाला तो व्यापाराचा, टपालाचा आणि फौजेचा. नाटकवाल्यांची आठवण कुणाला झाली असेल असं वाटत नाही. पण या रुळांचं सोनं ज्यांनी केलं, त्यांत नाटकवाले बरेच पुढे होते. रंगवलेले अवजड पडदे, पोशाखांच्या पेट्या, पत्र्याच्या तलवारी, बाजाची पेटी आणि शेसव्वाशे माणसांचं बिऱ्हाड बैलगाड्यांवर लादून सातपुडा ओलांडणं कुठल्याच मालकाला परवडलं नसतं. मालगाडीच्या दोन वाघिणी भाड्याने घेतल्या की काम भागायचं.

या कंपन्या मुंबईच्या, आणि बहुतेक पारशी मालकांच्या. त्यांचा उगम ग्रँट रोडवरचा. तिथलं थिएटर १८४६ सालचं, त्यामागे जगन्नाथ शंकरशेट यांचा मोठा हात. १८५३ साली सांगलीकर विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईला आले आणि इथे त्यांनी राजा गोपीचंदाचा खेळ चक्क हिंदीत केला. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीनं रुस्तुम-सोहराबची कथा गुजरातीत रंगवली. पुढे सत्तावीस वर्षांनी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात एका पारशी कंपनीचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहिला आणि असं आपल्या भाषेत का होऊ नये, या ईर्ष्येनं ‘शाकुंतल’ हाती घेतलं. १८८० सालची ही हकिकत मराठी माणसाला पाठ असते. तिच्यातला पारशी भाग मात्र आपण एका ओळीत उरकतो.

पारशी मालक हिशेबाचे पक्के. गुजराती प्रेक्षक मुंबई-सुरतेपुरता, हे त्यांनी लवकर ओळखलं. १८७१ पासून त्यांनी हिंदुस्थानीत, म्हणजे उर्दू आणि हिंदी यांच्या मधल्या बोलीत नाटकं लिहवून घ्यायला सुरुवात केली आणि सगळा उत्तर हिंदुस्थान त्यांच्यासाठी मोकळा झाला. व्हिक्टोरिया नाटक मंडळीचे खुरशेदजी बालीवाला आपला ताफा रंगूनपर्यंत, इतकंच काय लंडनपर्यंत घेऊन गेले. आपल्या किर्लोस्कर, ललितकलादर्श, बळवंत मंडळ्या भाषेच्या कुंपणात राहिल्या. हुबळी-बेळगावपासून इंदूर, ग्वाल्हेर, नागपूरपर्यंत त्यांचा संचार. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीनं ‘ताज-ए-वफा’ हे उर्दू नाटक करून ते कुंपण ओलांडून पाहिलं, पण तो अपवादच.

जबलपूर बरोबर या कुंपणावरचं गाव. १७९८ पासून १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. नंतर इंग्रजांच्या मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी एकाच कचेरीत बसत. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, नव्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं आणि नागपूरच्या वकिलांना व कारकुनांना इकडे बिऱ्हाडं हलवावी लागली. इथली मराठी घरं घरात नाट्यपदं ऐकत आणि बाहेर रामलीला पाहत. गोविंदगंजची रामलीला दीडशे वर्षांहून जुनी आहे. मराठी माणूस तिथे सतरंजीवर बसून चौपायांना मान डोलावत असे, आणि घरी आल्यावर बालगंधर्वांची तबकडी लावत असे. पारशी कंपनीचा खेळ या दोहोंच्या मधला. त्यात रामलीलेची पुराणकथा असे आणि आपल्या संगीत नाटकाचा थाटही असे.

खेळ कसा चाले ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आज तो सहसा पाहायला मिळत नाही. सुरुवातीला सगळा संच हात जोडून एका रांगेत उभा राहून ईशस्तवन म्हणे. मग एकामागून एक पडदे उलगडत: राजमहाल, जंगल, बाजार, कैदखाना. पिटात हार्मोनियमवाला आणि तबलजी. जमिनीतून राक्षस वर यावा म्हणून फळ्यांत चोरदार ठेवलेलं. गंभीर कथानकाशेजारी एक विनोदी उपकथानक समांतर पळायचं, कारण वरच्या पडद्यामागे दरबार मांडेपर्यंत पुढच्या पट्टीत कुणीतरी लोकांना हसवत ठेवावं लागे. अंक संपताना सगळे जागच्या जागी गोठत आणि ड्रॉप पडे. संवाद यमकातले, मध्येच शेर, शेर संपतो न संपतो तोच गाणं. आगा हश्र काश्मिरी, नारायणप्रसाद बेताब, राधेश्याम कथावाचक ही या रंगभूमीच्या लेखकांतली बडी नावं. हश्र यांच्या नाटकांतली तडफ अशी की नुसत्या वाक्यफेकीवर वन्समोअर पडत.

या सगळ्याचा पाया एकच, नटाचा गळा. ध्वनिक्षेपक नव्हता. हजारभर माणसं, मुलांची रडारड, बाहेर टांग्यांचा आवाज, आणि शेवटच्या रांगेत चार आण्यांचा प्रेक्षक. त्याच्यापर्यंत शब्द पोचला नाही तर तो उठून जायचा नाही, शिट्ट्या मारायचा, आणि ते अधिक वाईट. म्हणून नट घ्यायचा तो आधी गाऊन दाखवणारा. जगभर फिरत्या कंपन्यांची रीत साधारण अशीच होती. रशियाचा विख्यात गायक-नट फ्योदोर शल्यापिन हा काझानचा गरीब घरातला मुलगा. १८९० साली, सतराव्या वर्षी, उफा गावी मुक्कामाला असलेल्या एका संगीतिका कंपनीत समूहगायक म्हणून तो लागला. रंगमंचावर उभं कसं राहावं हे तो तिथेच शिकला, आणि पुढे ऑपेरात नुसतं गाऊन भागत नाही, भूमिका जगावी लागते, हे त्यानेच युरोपला दाखवलं.

आपल्या संगीत रंगभूमीचं मात्र वेगळं झालं, असं मला वाटतं. आपल्याकडे गाण्यानं नाटक गिळलं. केशवराव भोसले, दीनानाथ, बालगंधर्व यांच्या एकेका पदाला इतके वन्समोअर पडत की नायिकेचं दुःख पहाटेपर्यंत ताटकळे. त्यातून आपल्याला थोर गाणं मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पारशी मंचावर रागदारीचा तेवढा विस्तार नव्हता. तिथे गाणं संवादाच्या अंगानं जाई आणि लवकर कथेत परत येई. शास्त्रशुद्धतेच्या मापानं ते कमी दर्जाचं ठरलं आणि नटाच्या दृष्टीनं अधिक उपयोगाचं.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. तोही मुळात पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतलेला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या मादन थिएटर्सनं ‘इंद्रसभा’ काढला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. आपल्याकडे त्याच साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, ज्यांनी चित्रपटाला संगीतही दिलं. सुरुवातीची ही चार-पाच वर्षं गाणाऱ्या नटांची चंगळ होती. मग १९३५ साली ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन आलं आणि गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा हा व्यवहार रूढ झाला. सैगल १९४७ च्या जानेवारीत गेले. त्यानंतर दोन्ही कामं तितक्याच ताकदीनं करणारा हिंदी पडद्यावरचा मोठा नट एकच, आणि तोही मध्य प्रांताचाच: खांडव्याचा किशोरकुमार.

कंपन्या एका दिवसात मेल्या नाहीत. मोठ्यांनी थिएटरं सिनेमाला दिली किंवा विकली. पृथ्वीराज कपूरांनी १९४४ ते १९६० अशी सोळा वर्षं गावोगाव पृथ्वी थिएटर्स फिरवलं आणि खेळ संपल्यावर दाराशी झोळी धरून उभे राहिले. त्यांच्या घराचे एक व्याही जबलपूरचे. त्यांची सून कृष्णा ही नट प्रेमनाथ यांची बहीण, आणि प्रेमनाथ पुढे जबलपूरच्या एम्पायर चित्रपटगृहाचे मालक झाले. शहरातली बैठकीची जागा अशी सिनेमानं व्यापली. उरल्यासुरल्या नाटक कंपन्या तंबू घेऊन जत्रांकडे, उरुसांकडे, तहसिलीच्या गावांकडे सरकल्या. पेट्रोमॅक्स, विजेची सोय असलीच तर दोन दिवे, फाटलेले पडदे आणि तीच जुनी नाटकं. सुशिक्षितांच्या लेखी ही थेरं होती. आंध्रात सुरभी कुटुंबानं १८८५ पासूनची आपली परंपरा नेटानं टिकवली. मध्य भारतात असलं कुटुंब नव्हतं, होते ते हट्टी मालक.

अशांपैकी एक मदनलाल कपूर. सिनेमा आणि दूरचित्रवाणीवर पुढे गाजलेले अन्नू कपूर यांचे ते वडील. त्यांच्या कंपनीत एक दिवस जबलपूरहून पळून आलेला मुलगा दाखल झाला.

रघुवीर यादव यांचा जन्म १९५७ चा, जबलपूरच्या रांझी भागातला. रांझी म्हणजे शहराची पूर्वेकडची कड. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, मग खमरियाचा दारूगोळा कारखाना, मग वाहनांचा कारखाना. या भागातल्या मुलांपुढचं भविष्य भोंग्यावर चालणारं होतं: शाळा, जमलं तर आयटीआय, मग फॅक्टरीत चिकटायचं. या मुलाला चिकटायचं नव्हतं. त्याला गायचं होतं. नट व्हायचं मनात नव्हतंच, गायक व्हायचं म्हणून तो घरातून पळाला, आणि गाण्याला त्या काळी दार उघडं होतं ते तंबूचं. कंपनीत त्याला रोजचे अडीच रुपये मिळत. सहा वर्षं तो तिथे राहिला.

अशा कंपनीत ‘मी गायक आहे’ म्हणणाऱ्याला कुणी गादीवर बसवत नसे. तंबूच्या मेखा ठोकायच्या, पडदे ओढायचे, गावात फिरून आज कुठला खेळ आहे ते ओरडून सांगायचं, संध्याकाळी तोंडाला रंग लावून पहारेकरी, दासी, विदूषक, जे वाट्याला येईल ते व्हायचं. कुणी आजारी पडला की त्याची भूमिका पाठ असलीच पाहिजे, आणि पाठ होते ती कानानं. सूर चुकला तर दुसऱ्या दिवशी मास्तर पेटीवर बोट ठेवून तोच सूर तासभर धरायला लावणार. बुंदेलखंडातला प्रेक्षक फाग आणि आल्हा ऐकून तयार झालेला, त्याला बेसूर फसवता येत नाही. एवढ्या कमाईत इतकी पक्की तालीम दिल्लीच्या कुठल्याच संस्थेत मिळाली नसती.

दिल्लीला तो १९७४ साली पोचला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं तेव्हा इब्राहिम अल्काझी यांच्या हाती होती. अल्काझींचा दरारा शिस्तीचा होता आणि दृष्टी युरोपीय मंचावर पोसलेली. शोकांतिका, शेक्सपिअर, ‘तुघलक’, पुराना किल्ल्याच्या भग्न भिंतींसमोर ‘अंधायुग’. नव्या नाटकवाल्यांत ‘पारशी’ हा शब्दच शिवीसारखा वापरला जाई. कुणी जरा वरच्या पट्टीत बोललं की ‘पारशी करू नकोस’. तंबूतून आलेल्या मुलाला ज्याच्या जोरावर प्रवेश मिळाला, तेच आता खाली उतरवून ठेवायचं होतं. पुटपुटत बोलायला, थांबायला, गप्प उभं राहायला तो इथे शिकला. ते शिक्षण त्याला लाभलं, हे पुढच्या कामांवरून दिसतं. आवाज कमी कसा करावा हे फक्त त्यालाच नीट शिकवता येतं ज्याच्याकडे तो मुळात आहे.

१९७७ साली, रघुवीर शिकून बाहेर पडले त्याच वर्षी, विद्यालयाचे संचालक बदलले. आलेल्या ब. व. कारंतांचं चरित्र त्यांना ओळखीचं वाटलं असणार. कारंतही लहानपणी घर सोडून कर्नाटकातल्या गुब्बी वीरण्णांच्या कंपनीत गेलेले, तिथेच गाणं आणि रंगभूमी शिकलेले. त्यांच्या नाटकात संगीत वाद्यवृंदातून येत नसे. ते नटांच्या श्वासातून, टाळ्यांतून, दगडांवर दगड आपटून, भांड्यांतून काढलं जाई. कंपनीतला गाणारा नट, ज्याला दशकभर मागच्या दारानं बाहेर काढलं होतं, तो कारंतांमुळे पुन्हा पुढच्या दारानं आत आला. असं सगळीकडेच घडत होतं. पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये येऊन गेला होता, रायपूरचे हबीब तन्वीर छत्तीसगडच्या नाचा कलावंतांकडून १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ करवून घेत होते. विद्यालयाच्या रंगमंडळात रघुवीर यांनी दशकभर काम केलं. मनोहर सिंह, सुरेखा सिक्री आणि आपल्या उत्तरा बावकर ही त्या रंगमंडळाची मातब्बर मंडळी.

सिनेमा आला तो तिशीच्या उंबऱ्यावर. प्रदीप कृष्ण यांनी जॉइस कॅरी यांची नायजेरियात घडणारी ‘मिस्टर जॉन्सन’ ही कादंबरी उचलून मध्य प्रांतात आणली आणि पचमढीच्या परिसरात ‘मॅसी साहब’ चित्रित केला. मॅसी हा कचेरीतला धर्मांतरित कारकून. साहेबाची जुनी हॅट डोक्यावर, साहेबाची भाषा तोंडात, आणि साहेबाचा रस्ता पुरा व्हावा म्हणून सरकारी तिजोरीत हात. आपण साहेबांपैकीच आहोत असं त्याला मनापासून वाटतं, आणि त्यातच त्याचा घात होतो. रघुवीर यांचा मॅसी चालतो तो जरासा नाचल्यासारखा, बोलतो तो जरासा गायल्यासारखा. एखाद्या पारशी नाटकातला विनोदी उपनायक चुकून वास्तववादी शोकांतिकेत शिरावा तसा तो दिसतो, आणि भूमिकेची गंमत व भीषणता त्यातच आहे. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेला अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला. साहेबाचं काम बॅरी जॉन यांनी केलं होतं आणि आदिवासी मुलीचं अरुंधती रॉय यांनी, ज्यांना तेव्हा लेखिका म्हणून कुणी ओळखत नव्हतं.

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’तला गर्दुल्ला चिलम ही पुढची मोठी भूमिका. मग दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली आणि प्रकाश झा यांनी दिग्दर्शित केलेली ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’. दिवास्वप्नं पाहणारा हा कारकून मराठी घराघरांत पोचला, इतका की अवाच्या सवा बेत आखणाऱ्याला आपल्याकडेही मुंगेरीलाल म्हणू लागले. पाठोपाठ अमाल अल्लाना यांच्या मालिकेतला मुल्ला नसिरुद्दीन. अमाल या अल्काझींच्या कन्या. ज्या घरानं रघुवीर यांना तंबूतला आवाज विसरायला शिकवलं होतं, त्याच घरानं गाढवावर बसवून त्यांच्याकडून किस्से वदवून घेतले. पुढची यादी लांबलचक आहे आणि ‘लगान’मधला कोंबड्या पाळणारा भूरा सगळ्यांना आठवतोच.

गायक मात्र या सगळ्यात बाजूला पडला होता. हिंदी सिनेमाला रघुवीर यादवांचा चेहरा हवा होता, गळा नको होता. पार्श्वगायनाच्या व्यवस्थेत जाड्याभरड्या आवाजाला जागा नसते. १९९३ मध्ये झी टीव्हीवर ‘अंताक्षरी’ सुरू झाली तेव्हा मदनलाल कपूरांचे चिरंजीव अन्नू हार्मोनियमच्या सुरात गाणी सोडत सूत्रसंचालन करू लागले. त्यांच्या जोडीला होत्या दुर्गा जसराज, म्हणजे व्ही. शांताराम यांची नात. शांताराम लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी करून आलेले. दोन फिरत्या कंपन्यांची नातीगोती अशी एका रंगीत सेटवर येऊन उभी होती आणि समोर लोक ‘म’वरून गाणं आठवत होते.

रघुवीर यांचा गळा देशानं ऐकला तो २०१० साली. अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यात बडवई गावी चित्रित झाला. कर्जापायी आत्महत्या करायला निघालेला नत्था हे काम ओंकारदास माणिकपुरी यांनी केलं. ते हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरचे. नत्थाचा बेरकी थोरला भाऊ बुधिया म्हणजे रघुवीर. चित्रपटात रात्री ढोलक-मंजिऱ्यावर गावकरी बसतात आणि महागाईला डाकीण म्हणत एक गाणं गातात. गाणारे बडवईचीच मंडळी आणि त्यांच्यासोबत रघुवीर. आवाज घासलेला, वरच्या स्वरावर किंचित चिरकणारा. पण एकही शब्द वाया जात नाही. बाकीच्या गावकऱ्यांच्या गाण्यात तो मिसळून जातो आणि तरी कथा पुढे नेतो, जे काम पारशी कंपनीतलं गाणं करत असे. त्या वर्षी महागाईविरोधी मोर्चांत हे गाणं वाजलं. ज्या पक्षांना ते वाजवायचं होतं त्यांना गायकाचं नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

पुढच्या पिढीला ते ठाऊक आहेत ते २०२० पासूनच्या ‘पंचायत’मुळे. फुलेरा हे गाव कथेत उत्तर प्रदेशात बलियाकडे आहे, चित्रित झालं ते मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात. प्रधान निवडून आलेली बायको, कारभार नवऱ्याच्या हाती, आणि तो नवरा म्हणजे रघुवीर. शेतातले दुधी भोपळे लोकांना वाटत फिरणारा, मुलीच्या लग्नाची काळजी करणारा, राजकारणात मुरलेला पण शहाणपणात कच्चा. आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर फारच थोड्या वेळा येते, आणि आली की शेजारच्या बाकावरच्या तरुण नटांचे संवाद त्या आवाजाखाली झाकले जातात.